यादीतली त्रेचाळीस कामे माझी नव्हेत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा डिझाइनचा, म्हणजे दुकानांच्या पाट्या, डब्यांवरची चित्रे, खोक्यांचे कागद आणि लोकांना हवी असलेली आणि नको असलेली बोधचिन्हे, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि सकाळचा दुसरा चहा घेऊन झाल्यावर हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ते नसल्याची शंका माझे थोरले दीर गेली अठ्ठेचाळीस वर्षे घेत आले आहेत, परंतु डॉक्टरांचे मत वेगळे आहे आणि त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या शरीरात बिघडलेली गोष्ट एकच, उजवा हात. तो थरथरतो.

हे मृत्युपत्र त्या हातामुळेच लिहावे लागत आहे. 'मागची खोली' या नावाने चाललेल्या माझ्या धंद्यात गेल्या पाच वर्षांत जी कामे झाली ती लोक माझी समजतात. ती माझी नव्हेत, माझ्या सुनेची आहेत. हे तिला आणि मला सोडून कोणालाही ठाऊक नाही, आणि येत्या शुक्रवारी ते ठाऊक असण्यावर तिचे एक मोठे काम अडले आहे. त्याबद्दल कलम सहामध्ये सविस्तर लिहिते. आधीची कलमेही खरीच आहेत, पण ती लिहिताना मी थोडी वेळ काढत होते, हे वाचणाऱ्याच्या लक्षात येईलच.

वकीलबाई वयाने माझ्या मुलीसारख्या आहेत. त्यांनी बजावले आहे की मृत्युपत्रात विषय सोडून लिहू नये. मी त्यांना म्हटले की विषय मीच आहे, तेव्हा सोडून जाणार कुठे.

कलम १. राहते घर

दुसऱ्या मजल्यावरचे घर, जिन्याकडच्या खिडकीसह, माझा मुलगा आणि सून या दोघांना समान हिश्शाने द्यावे. समान म्हणजे समान. मुलगा लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे आणि स्वभावाने गरीब आहे, तो हरकत घेणार नाही. त्याने फक्त स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करावा. दुसऱ्यांच्या इमारतीत माणसे वीस मजले वर पाठवणाऱ्या इंजिनिअरच्या घरात नळ चार वर्षे गळतो आहे, आणि मी मेल्यावर तरी त्याला याची लाज वाटावी अशी माझी इच्छा आहे.

बँकेत जे काही असेल तेही दोघांना निम्मे निम्मे. त्यावर जास्त लिहीत नाही, कारण ते वाचायला फार वेळ लागणार नाही.

माझ्या निधनाची बातमी छापताना चार तऱ्हांची अक्षरे वापरू नयेत. एकच वापरावे. भोवती वेलबुट्टीची चौकट नको. फोटो मी काढून ठेवला आहे, कपाटाच्या वरच्या खणात आहे, त्यात मी हसते आहे. 'प्रसंगाला शोभेल' असा दुसरा फोटो कोणी शोधू नये.

कलम २. थोरले दीर

लग्न होऊन आले तेव्हा थोरल्या दिरांचे शिवणकामाचे दुकान होते आणि दुकानामागे एक खोली होती. तिथे कापडाचे गठ्ठे, एक मोडके यंत्र आणि धूळ, एवढेच राहत असे. मी तिथे एक फळी टाकून औषधांच्या बाटल्यांची लेबले काढायला लागले. दिरांनी सगळ्यांना सांगितले की ही चार दिवसांची हौस आहे, उतरेल. आमचे हे तेव्हा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुठून तरी एक दिवा आणून माझ्या फळीवर टांगला आणि कामाला निघून गेले. त्यांची बोलण्याची पद्धत तशीच होती. त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली, तो दिवा अजून लागतो.

दुकानात कोणी माझी चौकशी केली की दीर मान न वळवता म्हणत, "मागच्या खोलीत काहीतरी चालतं, तिकडे बघा." दिवसातून पाच-सहा वेळा म्हणत. हळूहळू लोकच म्हणायला लागले, मागच्या खोलीत टाकून या, मागच्या खोलीतून करून घ्या. पहिले कार्ड छापायची वेळ आली तेव्हा नाव शोधायला मला डोके खाजवावे लागले नाही. आता लोक पैसे मोजून सल्लागार बसवतात आणि ब्रँडला नाव काय द्यावे म्हणून आठ-आठ बैठका घेतात. माझ्या ब्रँडला नाव दिरांनी फुकट दिले, तेही नाक मुरडून.

'मागची खोली' असे रंगवलेली पहिली फळी मी दिरांना देत आहे. त्यांचे वय चौऱ्याऐंशी आहे, त्यामुळे ती त्यांनी माझ्या मरणाची वाट न बघता आजच न्यावी. नाव त्यांनीच ठेवले होते, हे त्यांना मी कधी सांगितले नाही. सांगितले असते तर त्यांनी ते परत मागितले असते.

कलम ३. स्टूल

माझ्या हत्यारांत सगळ्यात मोलाचे हत्यार म्हणजे तीन पायांचे बुटके स्टूल. ते सुनेला द्यावे. ते का मोलाचे आहे हे सांगायचे तर माझी सगळ्यात मोठी चूक सांगावी लागेल.

धंद्याच्या पहिल्या तीन वर्षांत मी आमच्या रस्त्यावरच्या सतरा दुकानांच्या पाट्या रंगवल्या. चपलांचे दुकान, घड्याळजी, औषधवाला, चष्मेवाला, भांडीवाला, सगळे. रस्त्याच्या टोकाला उभी राहून मी ते बघायची आणि मनात म्हणायची, बघा, सगळीकडे माझा हात. मला ती कीर्ती वाटत होती.

मग एक बाई उसवलेली चप्पल घेऊन घड्याळजींकडे आली आणि बदलून द्या म्हणाली. घड्याळजी शांत माणूस, पण तेही चिडले. बाई हटायला तयार नव्हती. पाटी तुमचीच आहे, मी नीट बघून आले, असे तिचे म्हणणे. त्याच आठवड्यात कोणीतरी औषधवाल्याला शर्टाची बाही आखूड झाली म्हणून सुनावून गेले. सतराही पाट्यांवर तेच वळण, तोच रंग, तीच शेपटी काढलेली अक्षरे. गिऱ्हाइकांना वाटले, सगळी दुकाने एकाच मालकाची.

एका दुपारी सतराच्या सतरा दुकानदार मागच्या खोलीत येऊन उभे राहिले. बसायला जागाच नव्हती. चपलावाले त्यातल्या त्यात मोकळे बोलणारे, ते म्हणाले, "बाई, तुम्ही आम्हा सगळ्यांची एकाच घरात लग्नं लावून दिलीत. आता आमचे संसार वेगळे करून द्या."

पदरमोड करून मी सगळ्या पाट्या पुन्हा केल्या. पाच महिने लागले. पण या खेपेला ब्रश हातात घेण्याआधी हे स्टूल उचलले आणि प्रत्येक दुकानात एक अख्खा दिवस कोपऱ्यात बसले. बोलायचे नाही, फक्त बघायचे. घड्याळजी काम करताना श्वास रोखून धरतात, हे मला तेव्हा कळले. चपलावाले माणूस आला की आधी पाय बघतात आणि मग नमस्कार करतात. औषधवाला पुडी बांधताना दोरा दोनदा गुंडाळतो, एकदा गिऱ्हाइकासाठी आणि एकदा स्वतःच्या समाधानासाठी. त्या दिवसापासून नियम केला. पाटी दुकानदारासारखी दिसली पाहिजे, माझ्यासारखी नाही. गिऱ्हाइकाकडे एक दिवस बसल्याशिवाय मी एकही रेघ ओढलेली नाही आणि तीन नमुने करून 'यातला कुठला आवडतो' असेही कधी विचारले नाही. एकच नमुना दाखवायचा, आणि तो का, हे सांगता आले पाहिजे.

कलम ४. इतर वस्तू आणि जुने हिशेब

छापखानेवाल्यांशी माझे एकतीस वर्षे एका लाल रंगावरून भांडण आहे. मी सांगितलेला लाल त्यांनी कधीच छापला नाही, आणि छापलेला मला कधीच पटला नाही. आता छापखाना बंद करून ते घरी कुंड्यांना पाणी घालतात. रंगांच्या पुस्तकातले ते पान मी खूण घालून त्यांच्यासाठी ठेवले आहे. त्यांनी ते उन्हात धरून बघावे आणि एकदा तरी कबूल करावे. मी ऐकायला नसेन, तेव्हा कबूल करायला हरकत नसावी.

फर्निचरवाल्यांना माझे भिंग द्यावे. बावीस वर्षांत त्यांनी माझ्याकडून सहा कामे करून घेतली आणि सहाही वेळा 'लोगो जरा मोठा करा' असे म्हणाले. आता त्यांना हवा तेवढा मोठा करून बघता येईल.

बाकी पेन, ब्रश, पट्ट्या, कापायचे टेबल, कागदांचे खण, दोन्ही संगणक आणि आमच्या ह्यांनी टांगलेला दिवा, हे सगळे सुनेला. यांपैकी निम्म्याहून अधिक वस्तू गेली पाच वर्षे तीच वापरते आहे, त्यामुळे देण्यासारखे मी फार काही करत नाही.

कलम ५. नाव विकण्याबद्दल

दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या जाहिरात कंपनीचे गृहस्थ आले होते. बूट इतके चकचकीत होते की मी पायपुसण्याकडे बघितले. त्यांना 'मागची खोली' हे नाव विकत हवे होते. खोली नको, माणसे नकोत, फक्त नाव आणि जुन्या गिऱ्हाइकांचा विश्वास. तुमच्या हातात जादू आहे, असेही म्हणाले. मी पदर सावरून बसले, खोटे कशाला बोलू, बरे वाटले.

मुलगा म्हणाला, विचार करायला काय हरकत आहे. सून उठली आणि आधीच स्वच्छ असलेला ब्रश पुन्हा धुवायला गेली. मी त्या गृहस्थांना नको म्हणून सांगितले, आणि घरात सगळ्यांना वाटले की मी तत्त्वाची माणूस. तत्त्व वगैरे काही नव्हते. नाव विकले असते तर त्यांनी एक दिवस तरी मला समोर बसवून रेघ ओढायला सांगितले असते, ही भीती होती.

कलम ६. यादी

आता वेळ काढणे संपले.

पाच वर्षांपूर्वी चहाचे व्यापारी पत्र्याच्या डब्याचे काम घेऊन आले. मी त्यांच्या दुकानात स्टुलावर बसून आले, डोक्यात सगळे तयार होते, टेबलाशी बसले आणि पहिलीच रेघ वाकडी गेली. पुन्हा ओढली, पुन्हा गेली. सून तोवर माझ्याकडे संगणकाचे आणि निरोपांचे काम बघत होती. ती पलीकडून बघत होती हे मला ठाऊक होते. अकरावा कागद फाडला तेव्हा ती येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मी ओढू?"

तिने ओढली. मी बघत राहिले. मला राग आला, कारण रेघ चांगली होती.

तो डबा तिने पुरा केला. मी सांगते आहे आणि ती काढते आहे असे पहिले दोन महिने आम्ही दोघींनी नाटक केले. मग लक्षात आले की ती माझे ऐकून घेते, मान डोलावते आणि तिला हवे तेच करते, आणि तिला हवे असते ते जास्त बरे असते. पुढे स्टुलावरही तीच बसायला लागली. मी फक्त नमुना दाखवायला जायची. बोलायची मी, खाली कोपऱ्यात नाव माझे. ती बाजूला लॅपटॉप धरून बसायची. गिऱ्हाईक म्हणे, तुमची मदतनीस हुशार दिसते. मी म्हणे, हो, हुशार आहे.

दर वेळी ठरवायची की पुढच्या कामाला सांगून टाकू. अशी त्रेचाळीस कामे झाली. हात गेला हे लोकांना कळले तर 'मागची खोली' संपली, अशी मला भीती होती. ते एक कारण. दुसरे कारण असे की मला कौतुकाची चटक लागली होती. 'या वयात असा हात' असे कोणी म्हटले की माझा पाय जमिनीवर राहत नसे. हे लिहिताना लाज वाटते, पण मृत्युपत्रात खोटे लिहिले तर वकीलबाई म्हणतात ते रद्द होते.

गेल्या आठवड्यात लहान मुलांच्या एका नव्या इस्पितळाच्या वास्तुरचनाकारांचा मला फोन आला. इस्पितळातल्या सगळ्या पाट्या आणि खुणा करायच्या आहेत. घाबरलेल्या मुलाला वाचता येत नसले तरी सापडावी अशी वाट, जमिनीवर, भिंतींवर, दारांवर. तुम्ही काम घ्याल का, असे विचारत होते. मग बोलता बोलता म्हणाले की एक बाई स्वतःहून भेटून गेल्या. दुसऱ्या एका इस्पितळात दोन दिवस वाट बघायच्या खोलीत मुलांच्या उंचीवर बसून सगळे टिपून आणले होते, कल्पना समितीतल्या सगळ्यांना आवडल्या. पण स्वतःची कामे दाखवा म्हटल्यावर त्या म्हणाल्या, माझ्या नावावर काही नाही. पाच वर्षे कुठे होतात, तर म्हणे सासूबाईंच्या हाताखाली. "तुमच्याच सूनबाई निघाल्या, बाई. चांगल्या आहेत, पण एवढं मोठं काम कोऱ्या पाटीला कसं द्यायचं?" समिती शुक्रवारी पुन्हा बसणार आहे, शेवटची.

ती मला न सांगता गेली होती. आणि तिथे तिने माझी बाजू राखली.

संध्याकाळी ती कागदांचे खण आवरत होती. मी विचारले, तिथे खरे का नाही सांगितलेस. तिने वर बघितले नाही. म्हणाली, "ते मी सांगायचं नव्हतं, आई. तुम्ही सांगायचं होतं."

त्याच रात्री मी त्रेचाळीस कामांची यादी करायला बसले.

म्हणून मी असे लिहून ठेवते की सोबतच्या यादीतली त्रेचाळीस कामे माझ्या मिळकतीत धरू नयेत. मृत्युपत्राने माणसाला स्वतःच्या मालकीचे तेवढेच देता येते. ही कामे मी सुनेला देत नाही, कारण ती माझी नव्हतीच. ज्याला शंका असेल त्याने हे अक्षर बघावे. वकीलबाई टाइप करून देत होत्या, मी मुद्दाम नको म्हटले. ज्या हाताने हे कलम लिहिले आहे त्या हाताला गेल्या पाच वर्षांत एक सरळ कड काढता आली नसती, हे डोळे असलेल्या कोणालाही दिसेल.

कलम ७. नावाचे काय करावे

'मागची खोली' हे नाव ठेवायचे, बदलायचे की बंद करायचे, हे सुनेने ठरवावे. माझ्या आठवणीखातर मात्र ठेवू नये. आठवणीसाठी वर तो फोटो आहे.

पुढील मजकूर त्याच दिवशी, सही करण्यापूर्वी

वरचे सगळे लिहून मी कागद वकीलबाईंना दाखवले. मला वाटले होते, त्या शाबासकी देतील. त्यांनी कलम सहा दोनदा वाचले आणि म्हणाल्या, "काकू, हे पाकिटात बंद होणार. तुम्ही गेल्यावर घरातले तिघंचौघं वाचणार. शुक्रवारी त्याचा काय उपयोग?"

त्यांनी नेमके बोट ठेवले. मेल्यावर खरे सांगितले की कोणी रागवायला येत नाही, हा माझा आतला हिशेब होता. मी विचारले की साक्षीदार कोण असावेत याला काही नियम आहे का. त्या म्हणाल्या, ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार नाही असे कोणीही दोघे.

तेव्हा मी माझ्या सगळ्यात मोठ्या दोन गिऱ्हाइकांना फोन केला. चहाचे व्यापारी आणि साबण बनवणाऱ्या बाई. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, त्याच्या समोर सही झाली की पुरे, असे वकीलबाई म्हणाल्या. मी म्हटले, हे वाचतील. सुनेलाही खोलीत बोलावले. वकीलबाईंना ते फारसे पसंत नव्हते, पण त्यांनी खिडकीबाहेर बघितले.

कलम सहा मी स्वतः मोठ्याने वाचून दाखवले. आवाज हातापेक्षा बरा राहिला.

चहाच्या व्यापाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "पाच वर्षं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला डबा दाखवतोय. बघा म्हणतो, या वयात बाईंचा हात. मी खोटा पडलो की हो." मी म्हटले, खोटी मी पडले. तुम्ही रागावा, तुमचा हक्क आहे, आणि काम काढून घ्यायचे असेल तर तेही घ्या, फक्त तिच्यावर राग धरू नका. त्यांनी पेन खाली ठेवले. मला वाटले, संपले.

ते उठले, फडताळावरचा त्यांचाच डबा काढून आणला आणि झाकण सुनेसमोर धरले. तिला विचारले, झाकणावर पाकळ्या अकराच का. सून म्हणाली, "आधी बारा काढल्या होत्या. बाराला डोळा एका जागी थांबतो. एक कमी केली, मग झाकण हातात फिरवावंसं वाटतं. आणि फिरवलं की उघडतं."

व्यापारी माझ्याकडे वळले. "हेच मी तुम्हाला तीन वेळा विचारलं. तीनही वेळा म्हणालात, बघा विचार करून."

खरे आहे. मला उत्तर ठाऊक नव्हते.

ते इतके हसले की चष्मा पुन्हा काढावा लागला. मग सुनेला म्हणाले की इस्पितळाच्या समितीला मी स्वतः पत्र देतो आणि शुक्रवारी डबा घेऊन बरोबर येतो, पाकळ्यांचे त्यांनाही सांगा. सुनेने मान हलवली. तिने झाकण हातात घेऊन एकदा फिरवले. मी मृत्युपत्र करणारी असल्याने रडणे योग्य दिसले नसते, म्हणून मी तिच्या हातात यादी दिली आणि तपासून बघ म्हटले.

तिने उभ्यानेच वाचायला सुरुवात केली. एकेका ओळीवर बोट ठेवून, आपलीच कामे पहिल्यांदा एका कागदावर बघत होती. दुसऱ्या पानावर तिचे बोट थांबले. म्हणाली, "आई, सत्तावीस नंबर खोडा."

मी विचारले, का. म्हणाली, "तो माझा नाही."

सत्तावीस म्हणजे साबणवाल्या बाईंच्या साबणावर गुंडाळायचा कागद. पांढऱ्या कागदावर एकच निळी रेघ, पाणी काठाला लागते तशी, हलणारी. बाकी काही नाही. बाई सांगतात की गिऱ्हाइके दुकानात साबण घेण्याआधी त्या रेघेवरून बोट फिरवतात. एवढ्या कामांत मला मनापासून हेवा वाटला तो त्या एका रेघेचा. रेघ इतकी जिवंत कशी ओढता येते, हे मला कधी कळले नव्हते.

सून म्हणाली, "या साबणाच्या वेळी तुम्ही स्वतः रेघ ओढून बघत होतात आणि चिडून वीस-पंचवीस कागद टोपलीत टाकलेत. हा त्यातला आहे. मी काहीच केलं नाही. सुरकुत्या काढल्या आणि छापायला दिला."

मी म्हटले, "तीन वर्षं झाली. मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्हीही कुठे सांगत होतात," ती म्हणाली.

साबणवाल्या बाईंनी आपल्या पिशवीतून एक साबण काढला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला. मी त्या रेघेवरून बोट फिरवले. बोटही थरथरत होते, ते रेघेबरोबर गेले. वकीलबाई म्हणाल्या की मृत्युपत्रात खाडाखोड केली तर तिची वेगळी नोंद आणि वेगळी सही लागते. मी म्हटले, आणा.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि तो मला कबूल आहे. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, आणि असा दिवस पुन्हा काढण्याची ताकद नसल्याने यापुढेही करणार नाही.

ठिकाण: कामाची खोली, खिडकीजवळचे मोठे टेबल
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

मृत्युपत्र करणारी: (सही, थरथरती)

आमच्या समक्ष सही केली. दोघांनीही मजकूर वाचला.

साक्षीदार १: (सही) चहाचे व्यापारी. पुढच्या डब्याचे काम सूनबाईंच्या नावे देत आहे.

साक्षीदार २: (सही) साबण बनवणाऱ्या बाई

दुरुस्तीची नोंद: सोबतच्या यादीतील क्रमांक सत्तावीस खोडला आहे. सुनेची कामे एकूण बेचाळीस. खोडलेले काम मृत्युपत्र करणारीचे असून ते हात थरथरू लागल्यानंतरचे आहे. ही खाडाखोड सुनेच्या सांगण्यावरून केली आणि ती मला मान्य आहे.

(सही)